चिलखताच्या कड्या, कानातले डूल



गेल्या दशलक्षण पर्वात समाजातल्या दोघी-तिघींनी माझ्या कानातले डूल हातात घेऊन पाहिले आणि विचारले, "हे विणलंय की डाग देऊन जोडलंय?" विणले आहे. चांदीच्या तारेच्या बारीक कड्या करायच्या, एकीत एक गुंतवायची आणि पकडीने मिटवायची. दोरा नाही, झाळण नाही. परदेशात या छंदाला 'चेनमेल' म्हणतात. नाव ऐकून एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे चिलखतच की. युद्धाची वस्तू आपण कानात कशाला घालायची?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपण खाण्यात, नेसण्यात, पूजेच्या साहित्यात वस्तू कशी बनली हे विचारतो. चांदीचा वर्ख जनावराच्या कातड्याच्या थरांत ठेवून कुटला जाई, हे कळल्यावर आपल्यापैकी कितीतरी जणींनी मिठाईवरचा वर्ख बंद केला. मग दागिन्याचेच का विचारू नये? म्हणून आज या कड्यांचा इतिहास लिहिते आहे. कृती शेवटी थोडक्यात सांगते.

सोनाराची कडी आणि लोहाराची कडी

कडीत कडी अडकवण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही फार जुने आहेत.

पहिला सोनाराचा. यात कडी आधी डाग देऊन पूर्ण बंद करतात, मग ती दाबून लांबट करतात, मधोमध वाकवतात आणि तिच्या दोन टोकांच्या फटीतून पुढची लांबट कडी ओवतात. इराकमधल्या ऊर या प्राचीन नगरीच्या राजघराण्यातील थडग्यांत अशा सोन्याच्या साखळ्या सापडल्या आहेत. त्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. आपल्याकडे तक्षशिलेजवळच्या सिरकपला सर जॉन मार्शल यांनी १९१३ पासून वीस वर्षे उत्खनन केले. तिथे निघालेल्या सोन्याच्या दागिन्यांतही या रीतीच्या साखळ्या आहेत. साखळ्या शेजारी शेजारी गुंफल्या की पट्टा होतो, गोल विणल्या की दोरीसारखा मऊ सर होतो. आपल्या आज्यांच्या गळ्यातला गोफ आठवा. धातूला कापडासारखे किंवा दोरासारखे वागायला लावायचे, ही हौस जुनीच आहे.

दुसरा मार्ग लोहाराचा. इथे कडी उघडी असते. ती आधी शेजारच्या कड्यांत घालायची आणि मग तोंड बंद करायचे. तोंडाची दोन टोके ठोकून चपटी करायची, त्यांत भोक पाडायचे आणि बारीक खिळा बसवून रिवेट करायचे. एक कडी चार शेजारणींत अडकलेली असते. त्यामुळे एक तुटली तरी वीण उसवत नाही. हेच चिलखत. युरोपात केल्ट लोकांच्या थडग्यांत, आजच्या रुमानियातल्या चुमेश्टी गावी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले कड्यांचे चिलखत सापडले. रोमन पंडित वॅरो यानेही या विणीचे श्रेय गॉल लोकांना, म्हणजे केल्टांच्याच एका शाखेला दिले आहे. रोमन सैन्याने ती उचलली आणि पुढे इराणपासून हिंदुस्थानापर्यंत ती सर्वत्र दिसू लागली. युरोपीय भाषांतला 'मेल' हा शब्द जाळीच्या छिद्राला असलेल्या लॅटिन शब्दावरून आला आहे. म्हणजे चिलखत करणाऱ्यालाही आपण जाळे विणतो आहोत, हे ठाऊक होते.

मी जे डूल करते त्यात या दोन्ही घराण्यांचे लग्न लागले आहे. धातू सोनाराचा आणि रीत लोहाराची.

दख्खनच्या चिलखतांचे

आपल्या बोलीत या वस्तूचे शब्द भरपूर आहेत. बख्तर फारसीतून आले. फारसीत कड्यांच्या चिलखताला जिरह म्हणतात आणि आपला जिरेटोप त्याच घरचा. टोपाखालून मानेवर आणि खांद्यावर कड्यांची झालर सोडलेली असे, म्हणजे मागून वार आला तरी मान वाचावी.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफझलखानाला भेटायला गेले, तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होते, हे आपण शाळेत शिकलो. खानाचा वार त्या चिलखतावरच अडला. लहानपणी हा धडा वाचताना माझे लक्ष वाघनखांकडे असे. आता मनात येते, की त्या दिवशी महाराजांचे प्राण वाचवणाऱ्या कड्या कोणी तरी एकेक करून मिटवल्या असतील. त्या कारागिराचे नाव कुठल्याही पुस्तकात नाही.

दख्खनमधली आणखी एक हकीकत सांगते. १६८९ मध्ये मोगलांच्या बाजूने बिकानेरचे महाराजा अनुपसिंह आदवनीच्या किल्ल्यावर गेले. तो किल्ला विजापूरच्या आदिलशाहीतल्या सरदाराकडे होता. किल्ला पडल्यावर तिथली चिलखते बिकानेरच्या शस्त्रागारात गेली. त्यांतली काही आज परदेशातल्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्यांत छातीवर पोलादी पट्ट्या आणि बाकी सगळीकडे कड्यांची वीण असते. हिंदुस्थानी कारागिरांनी एक वेगळी कडीही केली होती. तिच्या मधोमध आडवी दांडी असे. त्याने जाळी भरल्यासारखी दिसे. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी चिलखते आहेत. काचेशी नाक लावून नुसत्या कड्या पाहा. भरतकामाची टाके मोजायची सवय असलेल्या बाईला त्यात पुरुषांपेक्षा जास्त दिसेल.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. आकडा मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. पूर्ण बाह्यांच्या एका चिलखताला वीस ते तीस हजार कड्या लागतात आणि वजन साधारण दहा किलो भरते. आपण पंचवीस हजार धरू. तार ओढणे, गुंडाळणे, कापणे, ठोकणे, भोक पाडणे, रिवेट मारणे, या सगळ्याला मिळून कडीमागे एकच मिनिट धरले, तरी ४१६ तास होतात. रोज आठ तास बसले तर ५२ दिवस. खरे तर एका मिनिटात एवढे काम होणार नाही, तेव्हा याच्या कितीतरी पट धरा. एका माणसाच्या अंगावर दुसऱ्या माणसाचे अर्धे वर्ष असे.

आमच्या वेळणेश्वरहून उत्तरेला गुहागर ओलांडून वाशिष्ठीच्या खाडीवर गेले, की पलीकडच्या तीरावर दाभोळ. आज शांत असलेले हे गाव बहमनी आणि आदिलशाही काळात मोठे बंदर होते. अरबस्तानातून घोडे इथे उतरत, तांबे येई. रशियाचा प्रवासी अफानासी निकितिन परत जाताना इथूनच जहाजावर चढला. आणि याच दाभोळवर ३० डिसेंबर १५०८ रोजी पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा चालून आला. शहर लुटले, जाळले, बायका-मुलांनाही सोडले नाही. तलवारी आणि तोफा घेऊन आलेल्यांच्या अंगावर चिलखत असे. घरात चूल पेटवणाऱ्या बाईच्या अंगावर काय होते? नऊवारी आणि कानात कुड्या. चिलखत कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे किनाऱ्यावर राहिले की जास्त जाणवते.

असि, मसि आणि शिल्प

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. भगवान ऋषभदेवांनी कर्मभूमीच्या आरंभी लोकांना सहा कर्मे शिकवली, ती आपल्याला पाठ आहेत : असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प. यादीत असि पहिले आहे, हे लपवण्याचे कारण नाही. प्रजेचे रक्षण करावे लागते, हे आपल्या परंपरेने नाकारले नाही. श्रवणबेळगोळची ५७ फुटांची बाहुबलींची मूर्ती करवून घेणारा चामुंडराय स्वतः गंग राजांचा सेनापती होता. त्याने रणांगण पाहिले होते आणि मूर्ती करवली ती सगळे टाकून उभ्या असलेल्याची.

भरत आणि बाहुबली समोरासमोर आले, तेव्हा दोन्हीकडच्या मंत्र्यांनी विचार केला, की भांडण दोघांचे आहे, सैन्य कशाला मरू द्यायचे? मग दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरले. तिन्हींत शस्त्र नाही आणि चिलखतही नाही. मला वाटते, चिलखताबद्दलचे आपल्या धर्माचे मत या एका प्रसंगात आले. चिलखत वार अडवते, पण वार होणारच हे धरून चालते. आपल्या कथेतले मंत्री वारच होऊ नये याची तजवीज करतात.

मग ही वीण टाकून द्यायची का? मला तसे वाटत नाही. ऋषभदेवांनी असि आणि शिल्प वेगळे सांगितले आहे. दोन कड्या एकमेकींत अडकवणे हे शिल्प. ते कोणत्या कामाला लावायचे, ते करणारा ठरवतो. त्याच भगवंतांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या दिली. कड्यांच्या विणीत तर सुंदरीचेच राज्य आहे. दोन-दोन-दोन, उलट, पुन्हा दोन. एक आकडा चुकला की वीण पिळवटते.

आणि चिलखताचा काळ बंदुकीने संपवलाच. गोळीपुढे कडी टिकेना, तेव्हा ही विद्या लोहाराच्या हातून सुटली. अमेरिकेत १९६६ साली मध्ययुगीन कला-कारागिरीची हौस असणाऱ्यांनी एक संस्था काढली. तिथे आणि तशा इतर मंडळांत हौशी लोक पुन्हा कड्या विणू लागले. लोखंडाऐवजी तांबे, पितळ, चांदी, अॅल्युमिनियम आले आणि सदऱ्याऐवजी कानातले, गळ्यातले होऊ लागले. युद्धातून बाहेर पडलेली वस्तू घरात आली. मला यात दोष दिसत नाही, उलट थोडा दिलासाच वाटतो.

हुपरीच्या बायका

परदेशातली हौस म्हणून सांगितले, पण कडीत कडी अडकवणाऱ्या बायका आपल्या दाराशीच आहेत. माझे माहेर हातकणंगले तालुक्यातले. कुंभोजच्या बाहुबलीला जाणाऱ्या तुम्हा सर्वांना हुपरी माहीत आहे. तिला चंदेरी नगरी म्हणतात. गेल्या शतकाच्या आरंभापासून तिथे चांदीचा व्यवसाय वाढला. पैंजण, वाळे, तोरड्या, छल्ले, कमरपट्टे तिथून देशभर जातात. सोनार घराण्यांनी सुरू केलेला हा धंदा पुढे सगळ्या समाजांत पसरला. त्यात आपली जैन घरेही पुष्कळ.

पैंजण एका हाताने होत नाही. एका घरी चांदी वितळते, दुसऱ्या घरी तार ओढतात, कुठे साखळीचा पट्टा होतो, कुठे घुंगरू, कुठे झाळण, कुठे चकाकी. कड्या अडकवणे आणि घुंगरू लावणे हे काम बहुतेक बायकांकडे. दुपारची भांडी झाली, की सोप्यात पाट मांडायचा, पुढे परात घ्यायची आणि चिमट्याने एकेक घुंगरू लावत जायचे. लहानपणी मी तो आवाज ऐकला आहे. गप्पा चालू, हात चालू, नजर मात्र कडीवरून हलत नाही.

हिशोबाची रीत अशी, की व्यापारी चांदी तोलून देतो, माल तोलून घेतो, टंच पाहतो, ठरलेली घट सोडतो आणि मजुरी वजनावर देतो. वाणिज्य शाखेत आम्ही 'कॉस्ट शीट' शिकलो. त्यात कच्चा माल, मजुरी, वरखर्च असे रकाने असतात. या दागिन्याच्या कॉस्ट शीटमध्ये चांदीचा भाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो. मजुरीचा भाव कधीच छापून येत नाही. आणि वजनावर मजुरी असली, की काम जितके नाजूक तितका तोटा. जाड कडीच्या किलोला शंभर कड्या लागत असतील, तर बारीक कडीच्या किलोला हजारो. डोळे मात्र बारीक कडीलाच जास्त लागतात.

त्यात आता यंत्राची साखळी आली आहे. यंत्र तार घेते, वळवते, अडकवते, मिटवते आणि दमत नाही. यंत्राला मी नावे ठेवत नाही, स्वस्त साखळीमुळे गरीब घरातल्या मुलीच्या पायातही पैंजण आले. पण हाताने अडकवणारीचे नाव चिलखतवाल्यासारखेच विसरले जाणार, हे दिसते. शिवकालातला तो कारागीर आपल्याला सापडणार नाही. हुपरीतली बाई अजून सापडू शकते. म्हणून माझे सांगणे एवढेच : पुढच्या वेळी नातीसाठी पैंजण घ्याल तेव्हा दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. हे हाताचे आहे का? आणि घडणावळीतले किती कारागिरापर्यंत जाते? उत्तर मिळेलच असे नाही. पण गिऱ्हाईक विचारते आहे, हे बाजाराला कळले तरी पुष्कळ.

कृती, थोडक्यात

करून पाहायचे असेल तर पहिला जोड तांब्याचा करा. ०.९ मिलिमीटर जाडीची मऊ तार घ्या आणि साडेतीन मिलिमीटर जाडीच्या विणकामाच्या सुईवर एकाला एक लागून घट्ट गुंडाळा. स्प्रिंग तयार होईल. ती सुईवरून काढून बारीक कातरीने एकेक वेढा कापा. मीटरभर तारेत सत्तरएक कड्या निघतात. कडीच्या आतल्या व्यासाला तारेच्या जाडीने भागा, इथे ते जवळजवळ ३.९ येते. खालच्या विणीला हा आकडा साडेतीन ते चारच्या आसपास हवा. त्याहून कमी असेल तर कड्या मावत नाहीत, फार जास्त असेल तर वीण ढिली पडते.

या विणीला 'बायझंटाइन' म्हणतात. दोन कड्या, त्यांत दोन, त्यांत आणखी दोन. आता शेवटच्या दोन कड्या दोन बाजूंना मागे उलटवा. मधल्या दोन कड्या फाकवल्या, की आत उलटलेल्या कड्यांचे कान दिसतात. त्या कानांतून नव्या दोन कड्या घाला. पुन्हा दोन, पुन्हा दोन, पुन्हा उलट. कडी उघडताना कधीही बाहेर ताणू नका, गोलाई जाते. दोन पकडी घेऊन एक टोक पुढे, एक मागे, असे दार उघडल्यासारखे उघडा आणि तसेच मिटवा. फट राहिली तर केस अडकतात.

माझ्या एका डुलाला २६ कड्या लागतात, जोडाला ५२. या मापाच्या चांदीच्या अकरा कड्यांचा एक ग्रॅम होतो, म्हणजे जोड पावणेपाच ग्रॅमचा, हूक वेगळे. कानाला ओझे होत नाही. इथल्या खाऱ्या, दमट हवेत तांब्यावर हिरवट थर लवकर चढतो आणि चांदीही झाकून ठेवली नाही तर काळवंडते. चिंचेच्या कोळाने तांबे आणि रिठ्याच्या पाण्याने चांदी साफ होते. धुतल्यावर वीण पूर्ण वाळू द्या, कारण कड्यांच्या पोटात पाणी राहते. पावसाळ्यात हवाबंद डबीत ठेवा.

कुंडले घालणे आणि उतरवणे

वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या लेण्यात, इंद्रसभेत, आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका यक्षी आहे. तिच्या कानांत कुंडले आहेत, गळ्यात हार आहेत. त्याच लेण्यात तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. त्यांचे कान लांब आणि रिकामे. कारागीर तेच, दगड तोच.

पंचकल्याणक पूजेत आपण हे दोन्ही करतो. जन्मकल्याणकाला इंद्राणी झालेली आपल्यातलीच एखादी सून बाळ भगवंतांना कुंडले घालते आणि सगळ्या जणी टाळ्या वाजवतात. दीक्षाकल्याणकाला तेच अलंकार उतरतात आणि मंडपात शांतता पसरते. श्वेतांबर परंपरेत भरत चक्रवर्तींची कथा आहे. आरसेमहालात त्यांच्या बोटातली अंगठी गळून पडली. उघडे बोट निस्तेज दिसले, तेव्हा त्यांनी एकेक दागिना उतरवून पाहिला आणि उतरवता उतरवताच त्यांना केवलज्ञान झाले. एका कडीवरून सुरू झाले, असेच म्हणायचे.

आपण गृहस्थ. आपल्याला अपरिग्रह महाव्रत नाही, परिग्रह-परिमाण आहे. म्हणजे सगळे टाका असे नाही, तर मोजा आणि मर्यादा बांधा. म्हणून मी वर्षाला चांदी किती आणायची हे आधी वहीत लिहिते. पन्नास ग्रॅम म्हणजे दहा जोड. त्यांतला एक माझा, बाकीचे भाच्या-पुतण्यांना, पाठशाळेत वर्षभर न चुकता येणाऱ्या मुलींना. मर्यादा संपली की जुना जोड उसवायचा आणि त्याच कड्या पुन्हा विणायच्या. झाळण नसल्यामुळे ते जमते. चिलखत करणारा कडी रिवेटने कायमची बंद करत असे, कारण त्याला भीती अडवायची होती. आपली कडी नुसती मिटलेली असते, हवी तेव्हा उघडता येते.

मावशींना मी हेच उत्तर दिले. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी नातीसाठी एक जोड मागितला आहे. तांब्याचा चालेल म्हणाल्या.